अडीचशे शब्द

फॉर्म भरायला कुडाळपर्यंत जावं लागलं,
सर्जेकोटात प्रिंटर नाही.
नाव : दुर्वा मेतर. इयत्ता : आठवी.
वडिलांचा व्यवसाय :
बोटींची मशिनं दुरुस्त करतात, मी सांगितलं.
दुकानातल्या पोराने टाइप केलं, मरीन इंजिनीअर.
म्हणाला, सगळे असंच लिहितात.

शाळा घाटावर आहे, ढगांच्या उंचीवर.
माहितीपुस्तकात घोडे आहेत,
पोहायचा निळा तलाव आहे,
काठावर शिट्टी घेऊन उभा एक माणूस,
कोणी बुडू नये म्हणून.
आईने घोडे बघितले, तलाव बघितला,
विचारलं, "थंय मासे गावतत?"
बुधवारी अंडं, मी म्हटलं.
ती बराच वेळ त्या बुधवाराकडे बघत राहिली.

शेवटच्या पानावर एक रिकामा चौकोन.
तुमच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग,
आणि त्यातून तुम्ही काय शिकलात.
शब्दमर्यादा अडीचशे.

तीन रात्री शोधला.
बर्फवाल्याची उधारी होती.
एलईडीवाल्या बोटी रात्रीतून मासळी ओढून नेतात,
त्यावरून जेटीवर आरडाओरडा होतो,
मग सगळे घरी जाऊन जेवतात.
यातलं काहीच एका दिवसात घडलं नव्हतं,
आणि मी त्यातून काही शिकले नव्हते,
नुसती सवय झाली होती.

म्हणून मी बाबलकाकाला बुडवला.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी,
एकशे सत्तर शब्दांत.
उरलेल्या ऐंशी शब्दांत मी खंबीर झाले.
पेडणेकर बाईंनी इंग्रजी तपासलं,
दोन ठिकाणी 'द' घातला, चष्मा पुसला.
विचारलं काहीच नाही.
आदल्या सकाळी त्याच बाबलकडून
त्यांनी बांगडे घेतले होते.

मुलाखत फेब्रुवारीत, मोबाइलवर.
आमच्या घरात रेंज नाही.
ती येते जेटीच्या टोकाला, उजव्या अंगाला,
आणि ऊन तिथे थेट तोंडावर.
बाबा कुणाच्या तरी मशिनात कोपरापर्यंत हात घालून बसलेले.
फोन धरायला बाबलकाका आला.
एका हातात फोन, दुसऱ्यात छत्री,
लुंगी वर खोचलेली,
कॅमेऱ्याच्या मागे, कुणालाच न दिसणारा.

टायवाले सर प्रेमळ होते.
म्हणाले, तुझ्या काकांबद्दल सांग.
मी फोनकडे बघत होते,
म्हणजे त्याच्यामागच्या छातीकडे.
ती वरखाली होत होती.
मी सांगितलं. सगळं भूतकाळात.
ही वॉज, ही यूज्ड टू.
काकाला इंग्रजी येत नाही,
पण अंकल कळतं, सी कळतं,
आणि माझा आवाज तो
मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय.
छत्री जराही हलली नाही.

संध्याकाळी जाळ्याची फाटकी जागा विणताना,
वर न बघता म्हणाला,
"काय गो चेडवा, माझां तेरावां कधी घालतलंस?
आमंत्रण दी हां. येतलंय मी."

मी हसले. मग मागच्या पडवीत जाऊन रडले.
हा प्रसंग त्या चौकोनात नीट बसला असता.
मुदत संपली होती.

एप्रिलात उत्तर आलं,
तेही जेटीच्या टोकावर जाऊनच उघडलं.
प्रतीक्षा यादी, क्रमांक चार.
काकाने होडीतूनच विचारलं, काय झालां?
मी चार बोटं दाखवली.
"मी बुडान मेलंय," तो ओरडला,
"तरी नंबर लागाक नाय?"
सगळी जेटी हसली, कशाला ते न कळता.

माझ्या पुढे तीन मुलं आहेत.
कुठली, कोणाची, माहीत नाही.
त्यांनी कोणाकोणाला बुडवलं असेल,
आणि ती माणसं घरी आली की
ही मुलं त्यांच्याकडे कशी बघत असतील.

आमचा येतो पहाटे साडेचारला.
पूर्वी मी गाढ झोपलेली असायचे.
आता डोळे मिटून पडते
आणि त्याच्या मशिनाचा आवाज
बाकीच्या आवाजांतून वेगळा काढत राहते.